पंख कायमचा गेलेली घार: जाळीत जगवायची की शांत मरण द्यायचं?

रंकाळाकाठ:
मांजानं किंवा विजेच्या तारेनं पंख गेलेली घार, शिक्रा, घुबड कोल्हापुरात सापडलं की माणसं जीव तोडून वाचवतात. त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण ज्याचा पंख कोपरातून कापावा लागला तो पक्षी पुन्हा उडणार नाही. त्याला वर्षानुवर्षं जाळीत बसवणं ही दया नव्हे, असं माझं मत. जाळीवर आपटून पिसं मोडतात, एकाच दांडीवर बसून तळव्यांना फोड येतात आणि चिघळत हाडापर्यंत जातात. भूल देऊन त्याला शांत मरण द्यावं. ती जागा बऱ्या होऊ शकणाऱ्या दुसऱ्या पक्ष्याला मिळेल.

मृण्मयी:
दादा, फोड येतात ते दांडीमुळे. वेगवेगळ्या जाडीच्या दांड्या ठेवा, त्यांना काथ्या गुंडाळा. जाळीच्या आत उभे बांबू लावले तर पिसंही वाचतात. पिंजरा वाईट बांधला म्हणून पक्ष्याला मारायचं?

आणि पिल्लांचं काय? वळवाच्या वाऱ्यात नारळावरची घरटी खाली येतात. माणसाच्या हातून भरवलेलं पिल्लू माणसालाच आपलं समजतं. मोठं होऊन घास मागायला माणसाजवळ येतं आणि दगड खातं. समोर मोठी घार असेल तर ते घारच होतं. न उडणारी असली तरी ती पिल्लं सांभाळू शकते.

बावड्याचा पैलवान:
दोघांचंबी पटतंय, पण मूळ कुठंय बघा की. नायलॉन मांजावर हरित लवादानं २०१७ लाच बंदी घातली. तरी मिळतोयच. एकदा झाडात अडकला की कुजत न्हाई, पतंगाचा हंगाम संपला तरी पाखरं कापतोय. पिंजऱ्यावर खर्च करण्यापेक्षा गल्लीतली पोरं घेऊन झाडं साफ करूया. लई सोपं काम हाय.

पशुवैद्य, शाहूपुरी:
पंख कापायची वेळ बऱ्याचदा उशिरामुळे येते. बाहेर आलेलं हाड काही तासांत सुकतं, मग जुळत नाही. लोक पक्षी दोन दिवस घरात ठेवतात, प्रेमानं चोचीत पाणी ओततात, ते श्वासनलिकेत जातं. नुसतं बोनलेस चिकन घालतात. हाडांशिवायच्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं, पिल्लांची हाडं वाकतात. कापड टाकून उचला, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि लगेच वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

मरण द्यायचं की नाही, हे आपण परस्पर ठरवू शकत नाही. अनुसूची १ मधला, म्हणजे कायद्यानं सर्वात जास्त संरक्षण दिलेल्या यादीतला प्राणी बरा होण्यापलीकडे गेला असेल, तर वन्यजीव कायदा १९७२ च्या कलम ११ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो.

रंकाळाकाठ:
डॉक्टर, पटलं. मृण्मयीताई, पिल्लांसाठी शांत स्वभावाची एखादी घार ठेवायला माझी हरकत नाही. पण शिक्रा माणूस दिसला की जाळीवर झेपावतो, रोज स्वतःला फोडून घेतो. त्यालाही ठेवायचं?

मृण्मयी:
नाही. खात नसेल, सतत आपटत असेल तर मीही आदेश मागेन. पण आधी पडदे लावून, माणसांची ये-जा बंद करून बघू. पहिल्याच दिवशी निकाल नको.

बावड्याचा पैलवान:
रविवारी सकाळी सातला पंचगंगा घाटावर येतोय मी. लांब काठी अन् कात्री घेऊन या.