मदत हवी आहे: बाबांची साखर सकाळीच का वाढलेली असते?

मंडळी, बाबांना टाइप २ मधुमेह आहे. रात्री झोपताना ग्लुकोमीटरवर १३० येते आणि सकाळी काहीही न खाता १६५! पहाटे काही संप्रेरकं वाढतात आणि यकृत रक्तात साखर सोडतं, त्यामुळे असं होतं, हे डॉक्टरांनी समजावलं. गोळ्यांचं तेच बघताहेत. पण रोजचं खाणंपिणं आम्हालाच सांभाळायचंय. रात्री लवकर जेवून नंतर १५ मिनिटं चालल्याने कुणाचा सकाळचा आकडा खाली आला का? बाबा तर घाबरून रात्रीचं जेवणच टाळायला लागलेत. हे मला अजिबात पटत नाही, गोळ्या चालू असताना उपाशी झोपायचं म्हणजे काळजीच वाटते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ७.८ आली आहे. त्यांना कसं समजावू? अनुभव असेल तर नक्की सांगा.