परिणीता : पुस्तकात हॉटेल कुठाय?? अर्जंट

मऊभात : कोणीतरी लवकर सांगा प्लीज, उद्या सकाळी आमच्या वाचनकट्ट्यावर मला बोलायचंय. पिक्चर दोनदा बघितलाय, शरदबाबूंचं (बंगाली लेखक शरच्चंद्र चट्टोपाध्याय) पुस्तक आत्ता संपवलं, तर त्यात ते हवेलीचं हॉटेल करायचं प्रकरणच नाही, शेखर पियानोला हातसुद्धा लावत नाही आणि ललिता चक्क १३ वर्षांची! माझ्या पुस्तकातली पानं गळलीत का?

खडीसाखर : कुठला पिक्चर? १९५३ चा की २००५ चा?

मऊभात : अहो विद्या बालनचा, अजून कुठला

जुनंखोड : अजून कुठला म्हणजे? बिमल रॉयचा बघा आधी. अशोककुमार आणि मीनाकुमारी. फिल्मफेअर मिळालं होतं तिला त्यासाठी. नंतरचं सगळं नुसतं नटवणं.

खडीसाखर : काका, नटवणं काय, स्वानंद किरकिरेची गाणी ऐका की एकदा. आपला इंदूरचा मराठी माणूस.

बटाटेवडा२ : देवदासमधे पण पारो आणि चंद्रमुखी पुस्तकात भेटतच नाहीत, तो दोघींचा नाच भन्साळीचा.

मऊभात : देवदासचं कोणी विचारलंय 🙏

ओसरी : पुस्तक कुठल्या भाषेतलं वाचलंस? आमच्या आजीच्या पिढीने शरदबाबू मामा वरेरकरांच्या मराठीतून वाचले, ती तर त्यांना मराठी लेखकच समजायची. असो. पुस्तक १९१४ चं आहे, तेव्हा १३ वर्षांची मुलगी म्हणजे लग्नाची झाली. पिक्चरवाल्यांनी गोष्ट १९६२ च्या कलकत्त्यात नेली मग वय वाढवणं आलंच. घर गहाण पडलेलं पुस्तकातही आहे, फक्त तिथे खरी ठिणगी पडते ललिताचा मामा ब्राह्मो होतो (म्हणजे मूर्तिपूजा, जातपात न मानणाऱ्या बंगालमधल्या सुधारक पंथात जातो) त्यावरून, समाज वाळीत टाकतो, शेखरचा बाप संबंध तोडतो. २००५ च्या प्रेक्षकाला ब्राह्मो म्हणजे काय हे कोण समजावत बसणार, म्हणून पैसा आणि हॉटेल आणलं. माझ्या मते तिथेच गोष्ट पातळ झाली, कारण शेखरचा भित्रेपणा पुस्तकात जास्त टोचतो.

खडीसाखर : पातळ नाही हो, सोपी झाली. आणि शेखर दोन घरांमधली भिंत फोडतो तो सीन थेटरात बघितलाय का तुम्ही?

जुनंखोड : हातोडा घेऊन प्रेम सिद्ध करायचं, वा.

मऊभात : भांडा नंतर!! पुस्तक पूर्ण आहे का नाही एवढंच सांगा. मराठीच आहे, लायब्ररीतलं, मागचं कव्हर फाटलंय

ओसरी : हे आधी सांगायचं ना गं. शेवटाला काय होतं तुझ्या पुस्तकात?

मऊभात : गिरीन, म्हणजे शेखर ज्याला ललिताचा नवरा समजत असतो तो, शेखरला सांगतो की ललिताशी नाही, तिच्या मामेबहिणीशी लग्न झालंय आपलं. मग थोडंसंच आहे

ओसरी : मग आहे पूर्ण. झोप आता.

बटाटेवडा२ : याच कादंबरीवर जितेंद्रचा 'संकोच' पण आहे, १९७६ चा. कुठे बघायला मिळेल का कोणाला माहितीय?