शेतावरची सहल: मुलांच्या हातांनी नक्की काय केलं?

कर्वेनगर, चौथीतल्या मुलीची आई:

गेल्या जानेवारीत लेकीच्या शाळेची सहल पुण्याजवळच्या एका कृषी पर्यटन केंद्रावर गेली होती. दमून, खूश होऊन घरी आली. बैलगाडीत बसलो, झोक्यावर बसलो, पिठलं-भाकरी खाल्ली, सगळं सांगून झालं. महिनाभराने मी पोह्यांसाठी शेंगदाणे तळत होते, तेव्हा तिने विचारलं, "आई, शेंगा काढायला झाडावर चढावं लागतं का गं?"

तिला ठाऊक नव्हतं याचं मला वाईट वाटलं नाही. चौथीतल्या मुलीला कसं ठाऊक असणार? वाईट याचं वाटलं, की अख्खा दिवस शेतावर काढूनही हा प्रश्न तिला तिथे पडला नाही.

ऑगस्टमध्ये तिला शिरूरकडे माझ्या मामाच्या शेतावर घेऊन गेले. भुईमूग फुलावर होता. मामाने तिला सरीत बसवलं आणि एका वेलीची पानं बाजूला केली. पिवळं फूल सुकलेलं, आणि तिथूनच एक जांभळट, सुईसारखी दांडी खाली मातीकडे निघालेली. मामा म्हणाला, "ह्या आऱ्या. ह्या जमिनीत घुसतात आणि त्यांच्या टोकाला शेंग धरते. आता खुरपं लावायचं नाही, बोटाने बघ." तिने बोट आरीवरून हळूहळू खाली नेलं, थेट मातीत. एक आरी तुटली. "ही शेंग गेली," मामा म्हणाला. रागावून नाही, नुसतंच. त्यानंतर ती पुढचा अर्धा तास सरीतून पाय उचलून उचलून चालत होती.

म्हणून विचारते आहे. तुम्ही मुलांना शेतावर नेलं असेल, किंवा तुमच्या शेतावर मुलं आली असतील, तर त्यांच्या हातांनी काय केलं? कोणत्या महिन्यात? फसलेले बेतही लिहा, ते जास्त उपयोगी पडतील.

*

हडपसर भाग, शिक्षिका:

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. वर्गातली निम्मी मुलं बांधकामावरच्या मजुरांची, बरीचशी मराठवाड्यातून आलेली. दोन वर्षांपूर्वी सहावीच्या ४२ मुलांना थेऊरच्या पुढे ओळखीच्या एका शेतावर नेलं. मेथीच्या वाफ्यातलं तण काढायचं होतं. देखावा नव्हता, शेतावरच्या बायकांचं त्या दिवसाचं कामच ते होतं.

वर्गात एक मुलगी होती, वर्षभर तिचा आवाज मी फारसा ऐकलेला नव्हता. ती "जाती", "करती" असं बोलायची आणि बाकीची मुलं हसायची, म्हणून तिने बोलणंच सोडलं होतं. वाफ्यात ती उकिडवी बसली, खुरपं घेतलं आणि मनगटाच्या एका झटक्यात तण मुळासकट बाहेर काढलं. बाकीची मुलं नुसता वरचा पाला तोडत होती. शेतावरच्या मावशींनी विचारलं, "कुठली गं तू?" ती म्हणाली, "परभणीकडची. आई कापूस येचती." मग तीच सगळ्यांना दाखवत सुटली. ही हराळी. हा लव्हाळा, याच्या खाली गाठ असते, ती राहिली तर आठ दिवसांत परत उगवतो. ही घोळ, ही टाकू नका, भाजी होते हिची.

लव्हाळ्याच्या गाठीचं मलाही ठाऊक नव्हतं. सोमवारी तिने ती सगळी नावं फळ्यावर लिहिली. हसणं पूर्ण थांबलं असं मी म्हणणार नाही, पण खुरपं धरायचं कसं हे विचारायला मुलं तिच्या बाकापाशी जाऊ लागली.

एक सूचना सगळ्या शिक्षकांना. शेत ठरवण्याआधी एकदा स्वतः जाऊन मुलींसाठी संडास आहे का, आत पाणी आहे का, कडी लागते का ते बघून या. मुली दिवसभर पाणी न पिता उन्हात राहतात आणि कुणाला सांगत नाहीत. आणि डबा उघडण्याआधी सगळ्यांचे हात साबणाने धुवून घ्या.

*

वाकड, पाचवीतल्या मुलाचे वडील:

आमचा फसलेला. "शेतीचा प्रत्यक्ष अनुभव" असं पत्रकात लिहिलं होतं. प्रत्यक्षात तीन तास रेन डान्स आणि तरणतलाव, पाऊण तास जेवण, आणि शेवटी दहा मिनिटं रांगेने एका पॉलिहाऊसच्या बाहेरून चक्कर. आत जायची परवानगी नव्हती. मुलांना मजा आली, ते नाकारत नाही. पण पैसे भरताना एकच प्रश्न विचारायला हवा होता: मुलं कोणतं काम करणार? आता विचारतो.

*

पुरंदर तालुका, शेतकरी:

माझी अडीच एकर अंजिराची बाग आहे, थोडं सीताफळ, खरिपात वाटाणा. २०२० साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, त्यानंतर मी शाळांना बोलवायला लागलो. पहिल्याच वर्षी चूक केली. तीन बसगाड्या, १३० मुलं, दुपारी बाराला दारात. मी कुणाकुणाला काय दाखवणार? अर्ध्या मुलांनी कच्ची अंजिरं तोडली. देठातून निघणारा पांढरा चीक बोटांना, ओठांना लागला, खाज सुटली, दोघं रडायला लागली. दोष मुलांचा नव्हता, मी आधी सांगायला हवं होतं. आता पंधरा मुलांमागे घरचं एक माणूस, आणि एका दिवशी साठच्या वर मुलं घेत नाही. पैसे कमी मिळतात. चालतं.

आल्या आल्या मी प्रत्येक गटाला सांगतो, अंजिराचं फूल शोधून आणा. मुलं पानांखाली बघतात, फांद्या वाकवतात, पंधरा-वीस मिनिटं शोधतात. सापडत नाही. मग मी विचारतो, घरी कुणी "काय, उंबराचं फूल झालास का?" असं म्हणतं का? आजी म्हणते, असं दोघं-तिघं सांगतातच. मग एक कच्चं अंजीर मधोमध चिरतो आणि त्यांच्या तळहातावर ठेवतो. आत सगळी बारीक बारीक फुलंच असतात, शेकड्याने, तोंडं आत करून बसलेली. उंबर आणि अंजीर एकाच कुळातले. फूल दिसत नाही कारण ते फळाच्या पोटात आहे. भिंग घेऊन ठेवलं आहे, पण बरीच मुलं आधी नाक लावून वास घेतात.

परवा एकीने विचारलं, आत किडा असतो म्हणतात ते खरं का? उंबरात असतो. बारीक गांधीलमाशी आत शिरते आणि तीच परागीभवन करते. आपल्या पुणेरी अंजिराला तिची गरज लागत नाही, परागीभवन न होताही फळ धरतं. हे ऐकून ती पोर म्हणाली, "मग अंजिरात इतकी फुलं कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. मी अजून विचार करतो आहे.

*

कोथरूड, तिसरीतल्या मुलाचे वडील:

वर वेळेचा उल्लेख आला म्हणून लिहितो. शाळांच्या सहली सकाळी दहा-अकराला पोचतात. तोवर धारा काढून, दूध डेअरीला घालून गोठा निवांत झालेला असतो. मग मुलांना गाय दिसते, दूध दिसत नाही. आम्ही चौदा मुलांचे पालक मिळून मुळशीतल्या एका ओळखीच्या घरी संध्याकाळी पाचला गेलो.

पहिल्यांदा काही जमेना. चौदा मुलांचा कालवा चाललेला, आणि गाईने पान्हा चोरला. गोठ्यातल्या काकू शांतपणे म्हणाल्या, "ती घाबरली आहे. तुम्ही गप्प बसलात तरच देईल." मुलं बसली. खरंच बसली, मातीत मांडी घालून, दहा मिनिटं. काकूंनी वासरू सोडलं, त्याने कासेला दोन ढुशा दिल्या, आणि गाईने पान्हा सोडला. वासराला बाजूला बांधताना एका मुलीने विचारलं, "त्याला पुरेल का?" काकू म्हणाल्या, "एक सड त्याचा." तो सड त्यांनी शेवटपर्यंत कुणाला धरू दिला नाही.

मग एकेकाची पाळी. माझ्या मुलाने पहिल्यांदा नुसतं ओढलं, काहीच आलं नाही. काकूंनी त्याच्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवून बोटं वरून खाली एकेक मिटायला शिकवलं. पहिली धार त्याच्या शर्टावर, दुसरी बादलीत. रिकाम्या बादलीत धार पडली की खणखणीत वाजते, फेस चढत गेला की आवाज जड होत जातो. हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं. दूध चुलीवर उकळूनच मुलांना दिलं, कच्चं देऊ नका. माझा मुलगा घरी दुधाचा पेला तसाच ठेवून द्यायचा. आता पितो असं नाही, पण पिशवी फाडताना विचारतो, ह्यांच्या वासरांना उरलं असेल ना.

*

मावळ, आजी (नातवाने लिहून घेतलेलं):

आमच्याकडं शाळंची पोरं आवणीला, म्हंजी भात लावायला, आली हुती, आषाढात. पाऊस लागलेला. बाई म्हनल्या, मुलं आजारी पडतील. म्या म्हनलं, आमची पोरं कुठं पडत्यात? तरी एकेकाला पोत्याची खोळ करून दिली. खाचरात पाय घातला की पोरं किंचाळायची. चिखल गार लागतो, बोटांच्या मधनं वर येतो. मंग गप झाली. मंग हसायला लागली.

तरवा, म्हंजी भाताची रोपं, उपटून जुड्या बांधून ठिवल्या हुत्या. नातवानं खुणंची दोरी धरली, पोरं तिच्या कडंनं लावत गेली. एका चुडात दोन-तीनच काड्या लावा म्हनलं, तर कुनी मूठभर खोचली, कुनी पार कोपरापातूर खोल. ती गेल्यावर सून म्हनली, परत लावून घेऊ. म्या नगं म्हनलं. त्यांची वळ त्यांच्या हाताची, तशीच ऱ्हाऊ द्या.

दिवाळीच्या म्होरं कापनीला त्यातली वीस पोरं परत आली. आपली वळ त्यांनी बरूबर वळकली. खोल लावलेल्याला फुटवं कमी, लोंब्या बारक्या. शेजारची आमची वळ भरल्याली. एक पोरगं लई येळ दोन्हीकडं बघत उभं हुतं. म्या विचारलं काय झालं, तर म्हनालं, "आजी, माझ्यामुळं तुमचं भात कमी आलं." म्या म्हनलं, पुढल्या साली येऊन नीट लाव.

(नातू: दोरीवर एकाआड एक २५ आणि १५ सेंटीमीटरवर खुणा असतात, ही भात लावायची चारसूत्री पद्धत. आणि मुलांना सांगायला एक गोष्ट फार चालते: हा इंद्रायणी तांदूळ आमच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातच तयार झाला, १९८७ साली, आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून. नदीच्या नावाचा तांदूळ नदीजवळच जन्मला, म्हणून मुलं खूश होतात. आणि तो मुलगा यंदाही आला होता.)

*

सदाशिव पेठ, विज्ञान शिक्षक:

आजींचं वाचून बराच वेळ थांबलो. आम्ही शाळावाले सहल डिसेंबर-जानेवारीत घालतो, कारण परीक्षा तशा असतात. तेव्हा हुरडा मिळतो, तोही सुंदर अनुभव आहे, आगटीवर भाजलेलं कणीस हातावर चोळून दाणे काढताना मुलांचे तळवे लाल होतात. पण पेरणी, लावणी, आऱ्या, सगळं जून ते ऑगस्टमधलं, आणि तेव्हा आमची घटक चाचणी. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याचाच आग्रह धरला, शेती-पशुपालन हा तिथला अभ्यासाचाच भाग आहे. आम्हाला तेवढं नाही जमणार, पण एक चाचणी आठवडाभर पुढे नक्की ढकलता येईल. मुख्याध्यापकांशी उद्या बोलतो.

*

कर्वेनगर, चौथीतल्या मुलीची आई:

पुरंदरच्या दादांना विचारायचं होतं. पुढच्या जूनमध्ये वाटाण्याच्या टोकणीला आमच्या वर्गातली पंचवीस मुलं आणि आम्ही पाच पालक येऊ का? शाळेला तारीख कळवायला लागेल.

*

पुरंदर तालुका, शेतकरी:

या ताई, नक्की या. तारीख मात्र मागू नका. पाऊस पडून वाफसा आला, म्हणजे माती पेरण्याजोगी ओलसर झाली, की आदल्या संध्याकाळी फोन करतो.