घरच्या टीव्हीवर सध्या डॉक्युमेंटऱ्यांपेक्षा सिनेमेच जास्त खरं बोलतात

निवांत_कोथरूड :

स्पष्टच लिहिते, म्हणजे नंतर कोणी ‘नेमकं म्हणायचंय काय’ असं विचारायला नको. गेल्या दोनेक वर्षांत घरी बसून जे काही नवं पाहिलं, त्यात डॉक्युमेंटऱ्यांनी मला जेवढं गंडवलं तेवढं सिनेमांनी नाही.

‘अँग्री यंग मेन’ घ्या. ऑगस्ट 2024 मध्ये प्राइमवर तीन भागांत आली. सलीम-जावेद ही पटकथाकारांची जोडी म्हणजे आमच्या पिढीचा जिव्हाळ्याचा विषय, मी चिवडा घेऊनच बसले होते. निर्मात्यांची पाटी आली तर सलमान खान, फरहान अख्तर आणि झोया अख्तर यांच्या कंपन्या. म्हणजे मुलांनी वडिलांवर काढलेली. काढावी की, कोण नको म्हणतंय! पण 1982 च्या सुमारास ही जोडी फुटली ती का, एवढा एकच प्रश्न घेऊन बसलेल्या माणसाच्या हाती तीन भागांनंतर जवळपास काही लागत नाही. जानेवारी 2025 मधल्या, रोशन कुटुंबावरच्या ‘द रोशन्स’चे तर चार भाग. पाहुणा येतो, स्तुती करतो, जातो. मग पुढचा पाहुणा. आपल्याकडे याला पंचाहत्तरीचा गौरवग्रंथ म्हणतात. तो कोणी वाचत नाही, फोटो बघतात आणि कपाटात ठेवतात.

गुन्ह्यांवरच्या मालिकांबद्दल तर बोलायलाच नको. ऐवज तासाभराचा आणि भाग चार.

आता ‘होमबाउंड’. नीरज घेवान यांचा, नोव्हेंबर 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर आला. 2020 च्या टाळेबंदीत सुरतेहून गावाकडे निघालेल्या दोन मित्रांवर बशारत पीर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला होता, त्यावर बेतलेला. नावं बदललेली, प्रसंग रचलेले, म्हणजे कायद्याने सगळं काल्पनिक. पण त्यातल्या चंदनच्या आईला शाळेत स्वयंपाकाचं काम मिळतं आणि तिच्या हातचं आमची मुलं खाणार नाहीत म्हणून पालक आडवे येतात, तिथे मला एकही तज्ज्ञ खुर्चीत बसून काही समजावून सांगत नव्हता. गरजच नव्हती.

किंवा पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’. मुंबईतल्या नर्सच्या घरी एक लाल राइस कुकर येतो, जर्मनीत बनलेला. नवरा तिकडे. सोबत चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. रात्री ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तो कुकर कवटाळते. परदेशी गेलेल्या नवऱ्यांच्या बायकांवर दहा मुलाखती घेतल्या तरी हे कोणी कॅमेऱ्यासमोर करून दाखवणार नाही.

तर माझं म्हणणं असं, की खरं बोलण्याचं काम सध्या काल्पनिकवाले करतायत आणि खऱ्याची पाटी लावलेले लोक जाहिरात. बोला.

सहावी_रांग :

बोलतो. ताई, तुम्ही सिनेमांतले निवडक दोन घेतले आणि डॉक्युमेंटऱ्यांतल्या टाकाऊ दोन. अशा तराजूत काहीही तोललं तरी पारडं तुमच्याच बाजूला झुकणार. मी उलट करून दाखवू? गेल्या वर्षभरात आलेले कुठलेही पाच अॅक्शनपट एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला फक्त ‘द परफेक्ट नेबर’.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी : ऑक्टोबर 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर आली, दिग्दर्शिका गीता गंदभीर, अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार. फ्लोरिडातली एक वस्ती. शेजारची मुलं अंगणात खेळतात, आरडाओरडा करतात, म्हणून एक बाई पुन्हापुन्हा पोलिसांना बोलावते. जून 2023 मध्ये ती बंद दाराआडून गोळी झाडते आणि चार मुलांची आई मरते. जवळपास सगळी फिल्म पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांत टिपलेल्या चित्रणातून जुळवलेली आहे. निवेदक नाही, खुर्चीतला तज्ज्ञ नाही, स्तुतिपाठक नाही. पोलीस पहिल्यांदा येतात तेव्हा तुम्ही हसता. अशी काकू प्रत्येक सोसायटीत असते, पार्किंगमध्ये बॉल आला की वर घेऊन जाणारी. चौथ्या फेरीला हसू थांबतं. हे कुठला पटकथाकार लिहील? लिहिलंच तर आपण म्हणू, फार ताणलंय.

मावशी_कर्वेनगर :

‘द परफेक्ट नेबर’ मी पाहिली, म्हणजे अर्धीअधिक. वडील मुलांना बाहेर घेतात आणि तुमची आई गेली म्हणून सांगतात, ते सगळं पोलिसाच्या कॅमेऱ्यात आहे आणि फिल्ममध्येही आहे. तिथे मी टीव्ही बंद केला. ती लेकरं जन्मात कधीतरी मोठी होतील ना? त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट क्षण जगभरच्या लोकांनी जेवताजेवता बघायचा? सिनेमात ते मूल नट असतं, ‘कट’ म्हटलं की आईकडे पळतं.

सहावी रांग, तुम्ही त्या प्रसंगाबद्दल चकार शब्द काढला नाहीत.

सहावी_रांग :

मावशी, काढला नाही कारण तो प्रसंग मलाही जड गेला. पण तो काढून टाकला असता तर उरलं काय असतं? एका चिडक्या बाईची गोष्ट. गोळीनंतर काय होतं ते दाखवायचंच नाही आणि तरी खरं बोलायचं, हे कसं जमणार? अंगावर येतं म्हणून खोटं, असं तर नाही ना!

मावशी_कर्वेनगर :

खोटं कुठे म्हटलं मी? खऱ्यालाही मालक असतो, एवढंच म्हणतेय. आणि इथे मालक शाळकरी आहेत.

निवांत_कोथरूड :

मावशींना शंभर टक्के अनुमोदन. शिवाय पोलिसाच्या छातीवरचा कॅमेरा म्हणजे काही देवाचा डोळा नव्हे. पोलीस आल्यावर तो सुरू होतो, पोलीस गेला की संपतो. मधले तास कोणाचे?

आवाजी_लोक :

दोन्ही बाजूंचं वाचून हसू येतंय. आधी सांगा, बघता कशावर?

माझा धंदा आवाजाचा आहे, म्हणून नडतो. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींत चित्रित होतो. नवा टीव्ही स्वतःच्या अकलेने मधल्या चौकटी रचतो आणि हालचाल गुळगुळीत करतो. क्रिकेटला ठीक, पण सिनेमा संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. 2018 मध्ये टॉम क्रूझने खास व्हिडिओ काढून लोकांना सांगितलं होतं की हे बंद करा. आपल्याकडे दहातल्या नऊ घरांत ते चालूच असतं (हा माझा अंदाज, पण मी पाहुणा म्हणून गेलो की आधी रिमोट मागतो). मग तुम्ही म्हणता डॉक्युमेंटरी खोटी वाटते. अहो, तुमच्या भिंतीवर सगळंच खोटं दिसतंय! सेटिंगमध्ये फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा.

आणि आवाज. ‘साबर बोंडं’ मी थिएटरात पाहिला, सप्टेंबर 2025 मध्ये. रोहन कानवडे यांचा, सनडान्सला परदेशी कथापटांतला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळालेला मराठी सिनेमा. बाप गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. पार्श्वसंगीत औषधालाही नाही. कुठे रडायचं ते व्हायोलिन सांगत नाही, म्हणून तुम्ही कान टवकारता. हाच सिनेमा घरी लावा. खालून ‘भंगारवालेऽऽ’, वरून मिक्सर, शेजारून कोणाच्या तरी फोनची रिंग. घरी पाहून ‘संथ आहे’ म्हणणाऱ्यांचा मला रागही येत नाही.

धायरीकर :

आवाजी साहेब, सल्ला छान आहे, पण तुमचं थिएटर आम्हाला मिळतं कुठे? मराठी सिनेमा लागतो तो आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी साडेदहाला किंवा रात्री पावणेअकराला. गेल्या वर्षी एका मल्टिप्लेक्सला रजा टाकून गेलो, तर प्रेक्षक कमी म्हणून खेळ रद्द आणि पैसे परत. धायरीहून दोन सिग्नलांवर अडकून आलेल्या माणसाला पैसे परत म्हणजे थट्टाच.

‘लापता लेडीज’ आठवा. मार्च 2024 मध्ये थिएटरात आला, बऱ्यापैकी चालला, संपला. एप्रिलच्या शेवटी नेटफ्लिक्सवर आला आणि मग घराघरात बोलबाला. त्याच वर्षी ऑस्करसाठी भारताकडून गेला. तेव्हा घरबसल्या प्रेक्षकाला नावं ठेवू नका.

मूळ विषयावर मी तटस्थ. मला दोन्हींत झोप येते, वेळेचा फरक.

रीळवेडा :

जरा मोठं लिहितो, राग मानू नये.

निवांतताई, तुमचा मुद्दा डॉक्युमेंटरीबद्दल नाहीच. तो तुमच्या रिमोटवर जे येतं त्याबद्दल आहे. आम्ही नीलायमला सिनेमाला जायचो तेव्हा मुख्य चित्राआधी सरकारी फिल्म्स डिव्हिजनची रीळ दाखवणं थिएटरवाल्यांना सक्तीचं होतं. धरणाचं उद्घाटन, पुराची मदत, भारदस्त आवाज. निम्मं पब्लिक बाहेर चहा पीत असायचं. त्या पिढीने ‘डॉक्युमेंटरी म्हणजे सरकारी कंटाळा’ असं ठरवून टाकलं. तुम्ही आज ‘डॉक्युमेंटरी म्हणजे नटांची जाहिरात’ असं ठरवताय. दोन्ही वेळा समोर ठेवलं तेवढंच बघून निकाल.

आनंद पटवर्धन यांनी ‘जय भीम कॉम्रेड’साठी चौदा वर्षं चित्रण केलं. 1997 च्या मुंबईतल्या रमाबाई नगरच्या पोलीस गोळीबारापासून, शाहीर विलास घोगरे यांच्या आत्महत्येपासून सुरू होते ती फिल्म. तीन तासांहून मोठी, त्यात गाणी आहेत, घरं आहेत, जातीवर बिनधास्त बोलणारे आपलेच लोक आहेत. तिच्याशेजारी ‘अँग्री यंग मेन’ ठेवून बघा आणि मग सांगा, जात एकच का? अशा फिल्म्ससाठी लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हमध्ये जावं लागतं, ‘आशय’सारख्या क्लबचे खेळ गाठावे लागतात, जानेवारीत पिफच्या, म्हणजे पुण्याच्या चित्रपट महोत्सवाच्या, रांगेत उभं राहावं लागतं. सोफा सोडावा लागतो, थोडक्यात.

आणि तुम्ही ज्या पायल कपाडियांचं कौतुक केलंत, त्यांची आधीची फिल्म माहितीये? ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’, 2021 मध्ये कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम डॉक्युमेंटरीचा पुरस्कार. ती आपल्या इथलीच, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधली (एफटीआयआय). 2015 मध्ये विद्यार्थ्यांनी 139 दिवस संप केला होता, त्या काळाभोवती फिरते. पण तिचा कणा काय, तर एका विद्यार्थिनीची प्रेमपत्रं, आणि ती रचलेली आहेत. उलट ‘ऑल वी इमॅजिन’ सुरू होतो तो मुंबईत पोट भरायला आलेल्या लोकांच्या आवाजांवर, बाजाराच्या आणि लोकलच्या दृश्यांवर, डॉक्युमेंटरीच्या थाटात. एकच बाई डॉक्युमेंटरीत काल्पनिक घालते आणि सिनेमात वास्तव. तुमची भिंत तिने दोन्हीकडून पाडली आहे.

सहावी_रांग :

काका, अगदी बरोबर. यात ‘ऑल दॅट ब्रीद्स’ही जोडा. शौनक सेन यांची, दिल्लीत जखमी घारी वाचवणाऱ्या दोन भावांवरची. पहिलंच दृश्य रात्रीच्या उकिरड्यावरच्या उंदरांचं, कॅमेरा जमिनीलगत इतका सावकाश सरकतो की कथापटवाल्यांनी शिकावं.

निवांत_कोथरूड :

रीळवेडा, राग नाही, पण पटलंही नाही.

पहिलं म्हणजे, सोफा सोडा हे सांगणं सोपं आहे. माझ्या घरी सासूबाई ब्याऐंशीच्या, त्यांना रात्री एकटं ठेवता येत नाही. अशी घरं कोथरूडात गल्लोगल्ली आहेत. आम्हाला जे घरी मिळतं त्यावरच मत बनवणार, आणि ते मत मोजायलाही हवं, कारण पैसे आम्ही दरमहा मोजतो.

दुसरं, भिंतीबद्दल. पायलबाईंनी ती पाडली असेल, पण उघडपणे पाडली. पत्रं रचून ‘ही सापडली’ म्हणणं हा त्यांच्या कलेचा भाग आहे आणि तो बघणाऱ्याला कळतो. माझी तक्रार फसवणुकीची आहे. सिनेमा सुरू होताना सांगतो, हे काल्पनिक आहे, मग मी सैल बसते आणि तो हळूच खरं सांगून जातो. डॉक्युमेंटरी सुरुवातीलाच म्हणते, विश्वास ठेव. मग तिच्या पाठीशी कोण आहे ते शेवटच्या नामावलीत, मुंगीच्या अक्षरात, आणि तोवर पुढचा भाग आपोआप सुरू झालेला असतो! पहिल्या मिनिटाला पाटी लावा, ‘ही फिल्म ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्या घरच्यांनी काढली आहे’. माझं भांडण मिटलं.

आवाजी_लोक :

आपोआप पुढचा भागही सेटिंगमध्ये बंद करता येतो. नुसतं सांगतोय.

सहावी_रांग :

पाटी हवीच असेल तर ताई, दोन्हीकडे लावू. ‘होमबाउंड’ थिएटरात येण्याआधी सेन्सॉरने त्यातले शब्द आणि दृश्यं कापायला लावली, हे पेपरांत छापून आलं होतं. थिएटरात जाणाऱ्या प्रत्येक सिनेमाला ती चाळणी आहे. थेट ओटीटीवर येणाऱ्या डॉक्युमेंटरीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही. म्हणजे तुमचे खरं बोलणारे सिनेमे कापून खरं बोलतात आणि माझ्या डॉक्युमेंटऱ्यांना निदान कायद्याने तरी तोंड मोकळं आहे.

निवांत_कोथरूड :

मोकळ्या तोंडाने चार भाग स्तुती करायची असेल तर त्या मोकळेपणाचं करायचं काय? कात्री लागूनही ‘होमबाउंड’मध्ये ती शाळा उरली आहे. तुमच्याकडे कात्री नाही आणि 1982 चं उत्तरही नाही.

बाकी ‘ऑल दॅट ब्रीद्स’ यादीत टाकली आहे. उंदीर सासूबाईंना चालतील का, बघते.