केन्याच्या सालीत फॉस्फेटेजची क्रिया जिवंतपणी मोजता येईल का?

प्रश्न (एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र, पुणे):
नमस्कार. पावसाळ्यात आमच्याकडे कालव्याकाठी केना माजतो आणि त्याच्या पानाची खालची साल अखंड सुटते, म्हणून प्रबंधासाठी मी तोच घेतला. अ‍ॅब्सिसिक आम्ल (रंध्रे मिटवणारे वनस्पति-संप्रेरक) दिल्यावर रंध्रांभोवतीच्या रक्षक पेशींतील पीपी२सी गटाच्या फॉस्फेटेजची, म्हणजे प्रथिनांवरचा फॉस्फेट काढणाऱ्या विकरांची, क्रिया घटते का, हे पेशी न फोडता पाहायचे आहे. साल ६.१५ पीएचच्या बफरमध्ये फ्लुओरेसीन डायफॉस्फेटसह (फॉस्फेट तुटला की चमकणारे रंगद्रव्य) ठेवली, तर काही मिनिटांतच हिरवी चकाकी आली. मात्र ती पेशींच्या कडांवर जाळीसारखी दिसते, आत जवळपास अंधार आहे. शिवाय अ‍ॅब्सिसिक आम्ल दिले काय नि न दिले काय, तिच्यात फरक पडत नाही. कुठे चुकते आहे?

पहिले उत्तर:
जाळी दिसते, यातच उत्तर आहे. फॉस्फेटचे गट असलेल्या या रंगद्रव्यावर ऋण भार असतो, त्यामुळे ते पेशीपटलातून सहजी आत जात नाही. वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत मात्र आम्लधर्मी फॉस्फेटेज मुबलक असतात आणि रंगद्रव्य तिथेच फुटते. आपण मोजत आहात ती भित्तिकेची क्रिया. खात्री करायची असेल, तर एक साल उकळून घ्या आणि दुसरीला सोडियम मॉलिब्डेट द्या. त्याने आम्लधर्मी फॉस्फेटेज रोखले जातात. सोबत ५.५ आणि ७.५ पीएचची तुलनाही करा. सालीची फाटलेली कड मात्र मोजू नका, कारण तिथे फुटलेल्या पेशींतले सगळे विकर बाहेर आलेले असतात.

दुसरे उत्तर:
वरील सल्ल्यात पीएचची तुलना धोक्याची आहे. फ्लुओरेसीनचा पीकेए (ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा) ६.४ च्या आसपास असल्याने ५.५ पीएचला त्याची स्वतःचीच चकाकी मंदावते, आणि विकर जोमात असतानाही ते थंडावले असा समज होतो. प्रत्येक पीएचला तयार फ्लुओरेसीनची प्रमाणरेषा काढल्याशिवाय ते आकडे वापरू नयेत.

मुख्य अडचण याहून मोठी आहे. रंगद्रव्य आत पोहोचले, तरी ते केवळ पीपी२सीसाठी नाही. कोणताही फॉस्फेटेज ते फोडू शकतो. ओकाडाइक आम्ल पीपी१ आणि पीपी२ए या दुसऱ्या गटांतल्या फॉस्फेटेजना रोखते, पीपी२सीला नाही, त्यामुळे पेशींच्या अर्कात ते उपयोगी पडते: फॉस्फोपेप्टाइड (फॉस्फेट जोडलेला प्रथिनाचा तुकडा) द्यावे, मॅग्नेशियम घालावे, ओकाडाइक आम्लाने बाकीचे बंद करावे आणि उरलेली क्रिया मोजावी. अर्काच्या बफरमध्ये ईडीटीए घातलेत, तर पीपी२सीला लागणारे मॅग्नेशियमच काढून घेतले जाईल. सुटलेले फॉस्फेट मोजणाऱ्या मॅलाकाइट ग्रीनच्या चाचणीत रिक्तिकेतले मोकळे फॉस्फेट घोळ घालते, म्हणून अर्क आधी लहान रेणू वेगळे करणाऱ्या स्तंभातून काढून घ्यावा.

तरीही अर्कात अ‍ॅब्सिसिक आम्लाचा परिणाम दिसेलच असे नाही, आणि त्यात आपला दोष नसेल. २००९ मध्ये अ‍ॅब्सिसिक आम्ल ओळखणारी जी ग्राही प्रथिने सापडली, ती अ‍ॅब्सिसिक आम्ल धरल्यावर पीपी२सीच्या क्रियास्थळावर बसतात. पेशी फोडून अर्क पातळ केला, की ही जोडी सुटू शकते. जिवंत पेशीचा आपला आग्रह म्हणूनच योग्य आहे. चुकले आहे ते साधन.

तिसरे उत्तर:
जिवंत रक्षक पेशींत एसएनआरके२ कायनेजची (प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या विकरांची) क्रिया दाखवणारा फ्रेट संवेदक (दोन चमकणाऱ्या प्रथिनांमधील ऊर्जेच्या देवाणघेवाणीवर चालणारा) २०२० मध्ये अरेबिडॉप्सिसमध्ये वापरला गेला आहे. पीपी२सी या कायनेजना दाबून ठेवतो, त्यामुळे हा दाब सुटल्याची चाहूल त्यातून लागते. पण ते वाचन म्हणजे जमा (कायनेजने जोडलेले फॉस्फेट) वजा खर्च (फॉस्फेटेजने काढलेले) आहे, फॉस्फेटेजचा थेट आकडा नव्हे. शिवाय त्यासाठी संवेदकाचे जनुक असलेले रोप लागते. केन्यात रंध्रांची रुंदी मोजणे मात्र सोपे आणि भरवशाचे आहे.

विचारणारी:
सर्वांचे आभार. मॉलिब्डेट दिलेल्या सालीत जाळी जवळपास नाहीशी झाली आणि आत काहीच उजळले नाही. मार्गदर्शकांशी बोलून प्रबंधाच्या शीर्षकातून ‘फॉस्फेटेजची क्रिया’ काढते आहे. केना रंध्रांच्या मोजणीसाठी राहील.