थंडीत खुराडं पॅकबंद करू का? गेल्या साली केलं तर ४ कोंबड्या गेल्या

ढेबेवाडीकर
राम राम मंडळी. पाटण तालुक्यात ढेबेवाडीच्या वरच्या अंगाला घर आहे, परसात १८ कोंबड्या, २ कोंबडे, बहुतेक गावरान आणि थोड्या गिरिराज. शिवाय दिवाळी झाल्यावर हौसेनं २५ पिल्लं आणली ती आज १२ दिवसांची झाली. गेल्या डिसेंबरात लय गारठा पडला म्हणून खुराड्याला चारी बाजूनी युरियाची पोती लावली, वरनं प्लास्टिकचा कागद टाकला, म्हटलं जरा पण वारं नको. तर झालं उलटंच, पंधरा दिवसात कोंबड्या शिंकायला लागल्या, डोळ्यातनं पाणी, घशात घरघर, आणि ४ गेल्या. अंडी दिवसाला ९-१० होती ती २ वर आली. आई म्हणती मानमोडी (राणीखेत, कोंबड्यांचा साथीचा रोग), पण मान कुणाची वाकडी झाली नव्हती. यंदा ती म्हणती रात्री आत निखाऱ्याची शेगडी ठेव. काय करू?

शिराळ्याचा_खुराडेवाला
दादा एक सांगा, तवा सकाळी दार उघडल्या उघडल्या तुमचे डोळे चुरचुरायचे का? मुतारीसारखा वास यायचा का? येत असणार. २० जनावरं रात्रभर श्वास सोडत्यात, विष्ठा टाकत्यात, ती वाफ जायला जागा नाही, मग कागदाला आतनं पाणी सुटतं, ते खाली तुसावर, ओल्या विष्ठेतनं अमोनिया, अमोनियानं नाक-घसा सोलतो आणि मग सर्दी-घरघर बसती. थंडीनं नाही मेल्या, कोंडून मेल्या असं माझं मत. मानमोडी नव्हतीच असं मात्र इथं बसून सांगता येत नाही, तिच्यात बी घरघर असती, मान प्रत्येकीचीच वाकडी होती असं नाही. आता परत मेली तर पुरायच्या आधी दवाखान्यात दाखवा.
मोठ्या कोंबडीला अंगावरच पिसांची गोधडी आहे. तिला गारठा सोसतो, ओल आणि अंगावर येणारं वारं सोसत नाही. म्हणून पोतं खालनं वर लावायचं, ती बसती त्या दांडीच्या वर वीतभर आलं की बास, त्याच्या वरचा फूटभर भाग उघडाच ठेवायचा. ज्या बाजूनं वारं येतं तिथं गोणपाट दुहेरी करा. प्लास्टिक काढून टाका. खाली भाताचं कोरडं तूस ३-४ बोटं, रोज काठीनं हलवायचं. मुठीत दाबून बघा, गोळा तसाच राहिला म्हणजे ओलं, तेवढं काढून नवीन टाका.

माणदेशी_गडी
कशाला एवढे लाड 😄 आमच्या दहिवडीकडं कोंबड्या बाभळीवर झोपत्यात, माणसं गोधडीत कुडकुडत्यात पण कोंबडीला काय होत नाही

शिराळ्याचा_खुराडेवाला
अरे भावा मग तुझी बाभळ माझ्याच बाजूनं बोलती की! बाभळीला कुठं प्लास्टिक आहे. फक्त तुमची हवा कोरडी, पाटणात पहाटे दव पडतं, तिथं छप्पर पाहिजेच.

ढेबेवाडीकर
डोळे चुरचुरायचे बरोबर आहे, मला वाटलं गोठ्याचा वास असंल. आणि शेगडी?

कोरेगावची_ताई
शेगडी अजिबात नको दादा, आईंना समजावा. माझ्या जावेनं बंद खोलीत घमेल्यात कोळसे ठेवले होते, सकाळी पिल्लं जशी बसली होती तशीच गेलेली, कोळशाच्या वायूला वास पण नसतो. पिल्लांना बल्ब लावा, जुना पिवळा ६० वॅटचा, एलईडी नको, तो उजेड देतो पण गरम होत नाही (मी स्वतः ही चूक केली आहे आणि रात्रभर खूश होते की बिल वाचलं). पहिल्या आठवड्यात ३५ डिग्री लागतं, मग दर आठवड्याला ३-३ कमी, म्हणजे तुमच्या पिल्लांना आता ३२ च्या आसपास. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी वाजतेय, लांब जाऊन चोच उघडून बसली तर गरम होतंय, सगळी एकाच कोपऱ्यात तर दुसरीकडून वारं शिरतंय. लाईट गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवा. आणि लासोटा (मानमोडीची लस) दिली का? ५ ते ७ दिवसात द्यायची असते, राहिली असेल तर उद्याच दवाखान्यात विचारा. बाटली १०० डोसची येते, शेजारच्यांना सोबत घ्या, बर्फातूनच आणा.

ढेबेवाडीकर
लस राहिलीच आहे ताई, उद्या जातो. अंड्यांचं काय?

कोरेगावची_ताई
ते थंडीपेक्षा उजेडाचं आहे. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा, कोंबडीला अंड्यासाठी १४ तास तरी उजेड लागतो. पहाटे ३ तास बल्ब लावला तर फरक पडतो, याला एलईडी चालतो, फक्त वेळ रोज तीच ठेवायची. पण पिसं गळत असतील तर गावरानला सुट्टी घेऊ द्या, मी तर लावत नाही. संध्याकाळी आत घ्यायच्या आधी मूठ-मूठ भरडलेला मका द्या, रात्रभर पोटात ऊब राहते. सकाळी टाकीचं बर्फगार पाणी नको, विहिरीचं ताजं उपसलेलं कोमट असतं तेच ठेवा.

ढेबेवाडीकर
सगळं पटलं. एकच, वर फूटभर उघडं ठेवलं तर शेजारचा बोका आणि मुंगूस दोघं टपूनच असत्यात

माणदेशी_गडी
वेल्डमेश (वेल्डिंग केलेली जाड तारेची जाळी) मार अर्ध्या इंचाची. कोंबडीजाळी नको, मुंगूस ती फाडतं, माझ्या बाभळीवर चढत नाही म्हणून काय झालं, खुड्यातल्या ३ नेल्यात माझ्या 😅