फी-माफीच्या खेळाडूंवर संख्येची मर्यादा घातली तर लहान कॉलेजं टिकतील का? अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा अनुभव हवा आहे

तासगावचे_सर

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातल्या एका लहान कॉलेजात फिजिकल डायरेक्टर आहे, 19 वर्षं झाली. आमच्याकडे कबड्डी जोरात असते. मागचं थोडं सांगतो, त्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

पाच वर्षांपूर्वी अकरावीला एक पोरगा आला. वडील बेदाण्याच्या शेडवर कामाला, आई द्राक्षाच्या छाटणीला. हात लांबसडक, नजर चांगली, पण चढाई करताना मागचा पाय उचलायला उशीर करायचा. कोपऱ्यातल्या गड्याला घोटा आयता मिळायचा. मी रोज सकाळी साडेपाचला मैदानात फक्कीची रेघ मारायचो आणि त्या रेघेवर त्याच्याकडून एकच काम करून घ्यायचो. हात लावायचा आणि मागचा पाय आधी ओढून घ्यायचा. दुसरं काही नाही. दीड वर्ष लागलं त्याला. बी.ए.च्या पहिल्या वर्षी झोनल जिंकून आम्ही पुढं गेलो आणि साताऱ्याच्या संघावर त्यानं एकाच चढाईत तीन गडी मारले. मैदानाच्या कडेला उभा राहून मी त्याचा फक्त मागचा पाय बघत होतो.

जूनमध्ये तो टीसी मागायला आला. पुण्यातल्या एका मोठ्या कॉलेजनं बोलावलं होतं. फी माफ, होस्टेल, मेस, सरावाला मॅट, वर खुराकाचे पैसे. मी अर्जावर सही केली. त्याच्या घरची परिस्थिती मला माहीत होती, अडवून मी त्याला काय देणार होतो? आमच्याकडे मॅट म्हणजे तालुका क्रीडा संकुलातून स्पर्धेच्या आदल्या दिवशी टेंपोनं आणायची.

मला लागलं ते पुढचं. तिथं कबड्डीची 26 पोरं ठेवली आहेत. संघात नावं बारा, मैदानात उतरणार सात. दोन वर्षांत माझ्या पोराचं नाव एकदाही बारात लागलं नाही. मागच्या आठवड्यात सुट्टीत भेटला, वजन वाढलंय, बोलणं कमी झालंय. त्याला म्हटलं, दाखव जरा. मागचा पाय परत तसाच राहतोय. म्हणजे आमचा संघ मोडला, त्याचा खेळ मोडला आणि त्या कॉलेजला त्याचा उपयोगही झाला नाही. फक्त तो दुसऱ्या कुणाला मिळाला नाही, एवढंच.

माझा भाचा ओहायोत नोकरीला आहे. तो सांगत होता की तिकडं कॉलेज फुटबॉलमध्ये, म्हणजे तो अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ, एका कॉलेजला 85 च स्कॉलरशिप देता यायच्या. पुढच्या महिन्यात आमच्या विभागातल्या फिजिकल डायरेक्टरांची बैठक आहे. तिथं मला प्रस्ताव मांडायचा आहे की एका खेळासाठी फी-माफीवर किती पोरं ठेवायची याला आकडा असावा. या मर्यादेनं तिकडं खरंच फरक पडला का? आणि पोरं कॉलेज बदलतात त्याचं काय करतात? ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कराड_ते_ब्लूमिंग्टन

सर, नमस्कार. मूळ कराडचा, एम.एस.साठी इंडियाना युनिव्हर्सिटीत होतो. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. तुम्ही जे लिहिलंय, नेमक्या त्याच दुखण्यावर ती मर्यादा आली होती.

1973 च्या आधी तिकडं देशपातळीवर मर्यादाच नव्हती. श्रीमंत कॉलेजं वाटेल तेवढी पोरं स्कॉलरशिपवर घ्यायची, त्यातली काही निव्वळ शेजारच्या कॉलेजला मिळू नयेत म्हणून. 1973 ला एनसीएए या कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं 105 चा आकडा ठरवला, 1978 ला 95 केला आणि मग 1992 पासून टप्प्याटप्प्यानं 1994 पर्यंत 85 वर आणला. हेतू समतोलाचा एकटाच नव्हता. खर्च आवरायचा होता आणि मुलींच्या खेळांना वाटा द्यायचा होता. पण परिणाम बघा. वरच्या गटात तेव्हा शंभरावर कॉलेजं होती. प्रत्येकाच्या दहा जागा गेल्या म्हणजे हजारभर पोरं दुसरीकडं वळली. 1995 ला नॉर्थवेस्टर्न, जे वर्षानुवर्षं मार खायचं, त्यांची लीग जिंकून रोझ बोल या मानाच्या सामन्यापर्यंत गेलं. कॅन्सस स्टेट तर त्याहून वाईट अवस्थेत होतं, ते 1998 ला साखळीतले अकराच्या अकरा सामने जिंकलं. याला चांगले कोचही कारण आहेत, सगळं श्रेय आकड्याला देता येणार नाही. पण चांगला कोच असून पोरंच मिळाली नसती तर त्यानं काय केलं असतं?

त्याच्या खालच्या गटाला 63 स्कॉलरशिप असायच्या, त्याही तुकडे करून वाटता यायच्या. कुणाला अर्धी, कुणाला पाव. त्या गटातलं अ‍ॅपलाचियन स्टेट 1 सप्टेंबर 2007 ला मिशिगनच्या मैदानावर गेलं आणि लाखावर प्रेक्षकांसमोर 34-32 नं जिंकलं. शेवटच्या क्षणी मिशिगनची किक हातानं अडवली. तिकडं लोक अजून त्याबद्दल बोलतात.

आता दुसरी बाजू. 85 ची मर्यादा असतानाच अलाबामानं कोच निक सेबन यांच्या हाताखाली 2009 ते 2020 मध्ये सहा विजेतेपदं घेतली. कारण आकडा संख्येवर आहे, दर्जावर नाही. त्यांचे 85 च्या 85 निवडक. जिममध्ये, कोचवर, प्रवासावर किती पैसा घालायचा याला मर्यादा नव्हती. मर्यादेनं मोठ्यांच्या बाकावरची गर्दी कमी केली, मैदानात उतरणारे त्यांचेच भारी राहिले. तुमच्या प्रस्तावातही हेच होईल. पुण्याच्या कॉलेजचे बारा भारीच राहणार. पण ते बाकीचे चौदा मोकळे होतील, आणि सर, तुमचा पोरगा त्या चौदांतला आहे.

कॉलेज बदलण्याचं आता. पूर्वी बदललं की साधारणपणे एक वर्ष खेळता यायचं नाही, नुसता सराव. ऑक्टोबर 2018 ला ट्रान्सफर पोर्टल आलं. जायचं असेल त्यानं त्यात नाव घालायचं, मग कुणीही बोलवावं. 2021 ला एकदा बदलल्यास वर्ष बसायची अट गेली आणि 2024 ला कितीही वेळा बदला, अभ्यास नीट असला की झालं. वर्षाला नवी 25 च पोरं घ्यायची, हाही नियम काढला. म्हणूनच 2023 ला डिऑन सँडर्स कोलोराडोत कोच म्हणून आले तेव्हा एका हंगामात पन्नासवर पोरं बाहेरून आणता आली. आदल्या वर्षी 1-11 (एक सामना जिंकला, अकरा हरले) असलेला संघ 4-8 वर आला आणि 2024 ला 9-4.

याचा फायदा कुणाला हे मी डोळ्यानं पाहिलंय. मी होतो तेव्हा 2023 ला इंडियानाची 3-9 अशी गत होती. थंडीत मॅच बघायला जायचो, दुसऱ्या हाफला स्टेडियम निम्मं रिकामं. मग कर्ट सिग्नेटी नावाचे कोच जेम्स मॅडिसन या लहान युनिव्हर्सिटीतून आले आणि येताना तिथली 13 पोरं घेऊन आले. 2024 ला 11-2. पुढच्या हंगामात कॅलिफोर्नियाहून बदलून आलेला फर्नांडो मेंडोझा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा मुख्य खेळाडू होता, त्याला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली आणि जानेवारी 2026 ला मायामीला 27-21 हरवून संघ 16-0 नं राष्ट्रीय विजेता झाला. सामना संपला तेव्हा मी इथं कराडात होतो, सकाळ झाली होती. आई चहा घेऊन आली आणि मी रडत होतो.

पण तुमच्या जागेवर बसून बघायचं तर जेम्स मॅडिसनचं नाव घ्यायला हवं. 13 पोरं गेली, कोच गेला, मोबदला म्हणून पोरांबद्दल एक डॉलर नाही. ते परत उभे राहिले, 2025 च्या प्लेऑफमध्येही, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत पोचले, तर त्यांचा नवा कोचही यूसीएलए या मोठ्या युनिव्हर्सिटीला गेला. मोठ्यांच्या बाकावरची पोरं खाली येतात हे खरं, आणि लहानांनी घडवलेली वर जातात हेही खरं. व्हँडरबिल्टनं ऑक्टोबर 2024 ला पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला 40-35 हरवलं, तो क्वार्टरबॅक दिएगो पाविया न्यू मेक्सिको स्टेटमधून आला होता. व्हँडरबिल्टचं भलं झालं. न्यू मेक्सिको स्टेटचं नाव त्या रात्री किती जणांनी घेतलं असेल?

एक शेवटची गोष्ट, ती प्रस्तावासाठी महत्त्वाची आहे. जून 2025 ला कोर्टानं एक तडजोड मंजूर केली. तेव्हापासून ती तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांना स्कॉलरशिपचा आकडा नाही, पण संघात एकूण 105 च पोरं ठेवायची. शिवाय कॉलेजला खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांना मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. मंजुरीआधी न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी अडवून धरलं होतं, कारण 105 च्या आकड्यानं संघात आधीच असलेली पोरं बाहेर पडणार होती. शेवटी अशा पोरांना मोजणीतून सूट द्यायची सोय केली तेव्हा सही झाली. तुम्ही आकडा मागाल तेव्हा हे विसरू नका.

फलटणची_आई

सर, तुमची कळकळ समजते. माझी मुलगी खो-खो खेळते. पहिल्या कॉलेजात सरावाला सर कधी यायचे, कधी नाही. तिनं दुसरीकडं प्रवेश घेतला तर कागदपत्रं वेळेत मिळाली नाहीत, मायग्रेशनचा दाखला अडकला, एलिजिबिलिटी फॉर्मवर सही मिळेना. ते अख्खं वर्ष ती मैदानाबाहेर बसली. रोज संध्याकाळी बूट घालून तयार व्हायची आणि उंबऱ्यावर बसून राहायची. मुलींना खेळायला किती वर्षं मिळतात हो? शिक्षण संपलं की घरातले स्थळं बघायला लागतात. त्यातलं एक वर्ष म्हणजे फार झालं.

म्हणून विनंती आहे, पोरांनी जायचंच नाही किंवा गेली तर वर्षभर बसवा, असलं काही प्रस्तावात घालू नका. आकडा कॉलेजवर घाला, मुलांवर नको. आणि तुमच्या त्या मुलाला परत यायचं असेल तर दार उघडं ठेवा.

मिरजेचा_गोलकीपर

आपल्या फुटबॉलमधली एक गोष्ट सांगतो, पायानं खेळायच्या. फिफाच्या नियमात खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबला विकला गेला तर त्या रकमेतले 5 टक्के, तो 12 ते 23 वयात जिथं जिथं घडला त्या सगळ्या क्लबांत वाटले जातात. गावातल्या क्लबलाही वाटा जातो. शिवाय पहिल्यांदा व्यावसायिक करार होतो तेव्हा प्रशिक्षणाची वेगळी भरपाई असते. खेळाडूला कुणी अडवत नाही, घेणाऱ्यानं घडवणाऱ्याला द्यायचं. कॉलेजच्या खेळात विक्री नाही, त्यामुळं टक्केवारी चालणार नाही, पण वस्तूरूपानं काही मागता येईल. तुम्हाला मॅटची अडचण आहेच.

तासगावचे_सर

सगळ्यांचे आभार. दोनदा वाचलं, एकदा आमच्या मराठीच्या मॅडमना वाचून दाखवलं.

ताई, तुमचं म्हणणं मान्य. खरं सांगायचं तर माझ्या कच्च्या मसुद्यात 'बदली झाल्यास एक वर्ष अपात्र' असं कलम होतं. रागात लिहिलं होतं. ते काल रात्री खोडलं. तुमच्या मुलीचं उंबऱ्यावर बसणं डोळ्यापुढून जात नाही. उलट एक कलम वाढवलंय की टीसी आणि बाकीचे दाखले अर्ज केल्यापासून सात दिवसांत मिळाले पाहिजेत, खेळाडू कुठंही जात असला तरी.

कराडच्या दादांनी चौदा पोरांचं जे लिहिलं ते मला आधी सुचलंच नव्हतं. मी इतके दिवस आमचा संघ पुण्याच्या संघाला कसा हरवेल याच हिशेबात होतो. आता आकडा असा मागतोय: कबड्डीला फी-माफीवर जास्तीत जास्त 16. बारा संघातले आणि दुखापतीसाठी चार. आधीच असलेली पोरं शिक्षण संपेपर्यंत मोजायची नाहीत, त्यांची फी-माफी काढायची नाही. आमची बैठक आमच्या विभागापुरती, पुण्यावर तिचा हुकूम चालणार नाही हे जाणून आहे. पण आमच्या भागातली दोन मोठी कॉलेजंही तेच करतात, आधी तिथून सुरू करू आणि ठराव वर पाठवू.

मिरजेच्या भावाचं मॅटचं कलमही घातलंय. दुसऱ्या कॉलेजचा खेळाडू घेतला आणि तो संघात खेळला, तर त्या हंगामात जुन्या कॉलेजला सरावासाठी आठ दिवस आपली मॅट वापरू द्यायची. यावर बैठकीत भांडण होणार, होऊ दे.

पोराला काल फोन केला होता. परत ये असं म्हणालो नाही, तिथलं त्याचं शेवटचं वर्ष आहे, ते पूर्ण करू दे. फक्त विचारलं, सुट्टी किती दिवस आहे. म्हणाला अकरा. आज सकाळी साडेपाचला आला होता. फक्कीची पिशवी मी घरूनच नेली होती.